वडिलांच्या खांद्यावरचे मूल: एका चित्राचा ३५ वर्षांचा प्रवास

१/
नाताळचा दिवस. लंडनच्या रस्त्यावरून एक कारकून लांबलचक मफलर गळ्यात घालून घरी निघाला आहे. खांद्यावर त्याचा पायाने अधू असलेला धाकटा मुलगा बसला आहे. मुलाजवळ लहानशी कुबडी. बापलेक दोघेही गरीब, आणि दोघेही आनंदात. चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कथेचे नाव निघताच आज जगभरच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभे राहते: बॉब क्रॅचिट आणि त्याचा टायनी टिम.

२/
मात्र १८४३ च्या डिसेंबरात ज्यांनी हे पुस्तक पहिल्यांदा विकत घेतले, त्यांना हे चित्र पाहायला मिळाले नव्हते. पहिल्या आवृत्तीत ८ चित्रे होती आणि त्यांपैकी एकातही टायनी टिम नव्हता. गरीब मुलांचे एक चित्र त्या पुस्तकात होते, पण ती मुले निराळी होती आणि ते चित्र पाहून कोणाला मायेचा उमाळा येण्याजोगे नव्हते. एका चित्राची जागा दुसऱ्याने कशी घेतली आणि या अदलाबदलीत काय मागे पडले, त्याची ही हकीकत.

३/
प्रथम कथानक. एबेनेझर स्क्रूज हा लंडनमधला कंजूष सावकारी व्यापारी. त्याच्या कचेरीत बॉब क्रॅचिट आठवड्याला १५ शिलिंगांवर राबतो. बॉबला ६ मुले. नाताळच्या आदल्या सायंकाळी स्क्रूजकडे गरिबांसाठी वर्गणी मागायला दोन गृहस्थ येतात. तुरुंग आणि वर्कहाऊस अजून चालू आहेत ना, अशी उलट विचारणा करून तो त्यांना वाटेला लावतो. त्या रात्री त्याला भुते दर्शन देतात आणि सकाळपर्यंत त्याचे मन पालटते.

४/
स्क्रूजच्या तोंडी आलेला वर्कहाऊस हा शब्द तत्कालीन वाचकाला चांगलाच झोंबणारा होता. १८३४ साली इंग्लंडमध्ये गरिबांसंबंधीचा नवा कायदा झाला. त्याचे सूत्र असे: सुदृढ माणसाला मदत हवी असेल, तर त्याने वर्कहाऊसमध्ये दाखल व्हावे, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहूनही नकोसे असावे. मदत घ्यायला कोणी सहजासहजी धजू नये, हाच त्यामागचा हेतू होता.

५/
ते जिणे नकोसे करण्याची एक रीत म्हणजे कुटुंबाची फाटाफूट. आत शिरताच पुरुष एका विभागात, स्त्रिया दुसऱ्यात, मुले तिसऱ्यात. नवरा-बायको एकाच छपराखाली असूनही परस्परांना दुरावत. आयुष्यभर संसार केलेल्या वृद्ध जोडप्यांनाही हाच नियम होता. ६० वर्षांवरील पतिपत्नींना सक्तीने वेगळे ठेवू नये, ही सवलत कायद्यात यायला १८४७ साल उजाडावे लागले. लोक या इमारतींना ‘बॅस्टिल’ म्हणत, ते उगीच नव्हे. भाकरीच्या बदल्यात तिथे घर मोडून द्यावे लागे.

६/
ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे त्या काळच्या चित्रांमधील गरीब मूल इतके एकाकी का दिसते, हे उमगते. १८३७ च्या फेब्रुवारीत डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चा एक भाग मासिकात प्रसिद्ध झाला. त्यासाठी जॉर्ज क्रूकशँकने काढलेले चित्र अजरामर ठरले: वर्कहाऊसच्या जेवणघरात वाडगा पुढे करून आणखी पेज मागणारा पोर. समोर धष्टपुष्ट अधिकारी आणि मागे त्याच्यासारखीच भुकेली मुले. त्या चित्रात आई नाही, बाप नाही, भावंड नाही.

७/
गरिबीचे चित्र किती प्रभावी ठरू शकते, याचा दाखला पुढे सरकारी कागदपत्रांतच मिळाला. १८४२ साली बालकामगारांची चौकशी करणाऱ्या आयोगाने खाणींविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात चित्रे होती: कमरेला पट्टा आणि साखळी बांधून, अरुंद भुयारातून गुरांसारखी ओणवी होऊन कोळशाची गाडी ओढणारी मुले. ही चित्रे पाहून देश हादरला. त्याच वर्षी कायदा झाला आणि स्त्रिया, मुली व १० वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखालच्या कामावर ठेवण्यास बंदी आली.

८/
१८४३ च्या आरंभी त्याच आयोगाचा दुसरा अहवाल डिकन्सच्या हाती पडला. तो वाचून त्याने गरिबांच्या मुलांच्या बाजूने इंग्लंडच्या जनतेला आवाहन करणारी एक पुस्तिका लिहिण्याचे योजिले, आणि काही दिवसांतच तो बेत बाजूला ठेवला. सप्टेंबरात तो लंडनच्या फील्ड लेन भागातील फाटक्या मुलांची शाळा पाहून आला. ऑक्टोबरात मँचेस्टरला श्रमिकांच्या शिक्षणासाठी भरलेल्या सभेत त्याचे भाषण झाले. त्यानंतरच्या सुमारे ६ आठवड्यांत ‘कॅरल’ लिहून पुरी झाली. पुस्तिकेत जे सांगायचे होते, ते कथेच्या वाटेने आले.

९/
या विषयात डिकन्सचे स्वतःचे एक मुके दुःखही दडलेले होते. १८२४ साली त्याच्या वडिलांना कर्जापायी मार्शलसी तुरुंगात डांबले गेले. आई आणि धाकटी भावंडे त्यांच्याबरोबर तिथेच राहायला गेली. १२ वर्षांचा चार्ल्स मात्र बाहेर, परक्यांच्या घरी, कॅम्डन टाऊनमध्ये. दिवसभर बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि रविवारी तुरुंगात जाऊन आईवडिलांना भेटायचे. दारिद्र्याने घर कसे विखुरते, हे त्याला कोणत्याही अहवालातून शिकावे लागले नाही. क्रॅचिट कुटुंबाचे घर त्याने कॅम्डन टाऊनमध्येच वसवले.

१०/
चित्रांसाठी डिकन्सने निवडला जॉन लीच. १८१७ चा जन्म, वय अवघे २६. त्याच्याही वडिलांचा धंदा बुडाला होता आणि त्यालाही वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडावे लागले होते. तो ‘पंच’ साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार होता. त्याच १८४३ च्या जुलैत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये संसदेच्या नव्या इमारतीतील भित्तिचित्रांच्या कच्च्या आराखड्यांचे प्रदर्शन भरले होते. या आराखड्यांना ‘कार्टून’ म्हणत. लीचने ‘पंच’मध्ये एक चित्र काढले: फाटक्या वस्त्रांतील उपाशी माणसे दिमाखदार तसबिरींकडे पाहत उभी आहेत. ‘पंच’ने त्यालाच ‘कार्टून’ असा मथळा दिला, आणि व्यंगचित्राला तो शब्द कायमचा चिकटला.

११/
१९ डिसेंबर १८४३ रोजी पुस्तक बाजारात आले. तांबूस कापडी बांधणी, सोनेरी कडा, दोन रंगांत छापलेले मुखपृष्ठामागचे शीर्षकपान. किंमत ५ शिलिंग. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती खपल्या. पण बांधणी आणि चित्रांवरील खर्च इतका होता की १,००० पौंडांची आशा धरून बसलेल्या डिकन्सला त्या प्रतींतून सुमारे २३० पौंडच मिळाले. आणखी एक हिशेब सहज करता येतो: बॉब क्रॅचिटला स्वतःची कथा विकत घ्यायची असती, तर त्याला आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता.

१२/
त्या ८ चित्रांचे दोन प्रकार होते. ४ चित्रे धातूच्या पत्र्यावर कोरलेली. ती वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापून मग एकेक प्रत हाताने रंगवली जाई. उरलेली ४ लाकडावर कोरलेली. बॉक्सवुड या कठीण लाकडाचा आडवा छेद घेऊन त्यावर कोरीवकाम होई आणि तो ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांइतक्याच उंचीचा असल्याने मजकुराबरोबर एकाच वेळी छापता येई. त्यामुळे रंगीत चित्र पुस्तकात बाहेरून आणून बसवले जाई, तर काळेपांढरे लाकडी चित्र ओळींच्या शेजारी, गोष्टीच्या पोटातच राही.

१३/
रंग लाभले ते मालकाच्या घरच्या नृत्याला, मार्लीच्या भुताला, खाद्यपदार्थांच्या राशीवर विराजमान झालेल्या आत्म्याला आणि कबरीपाशी उभ्या असलेल्या शेवटच्या भुताला. गरीब मुले आली ती काळ्यापांढऱ्या लाकडी चित्रात. ‘अज्ञान’ आणि ‘अभाव’ हे त्याचे नाव. वर्तमानाचा आत्मा आपल्या झग्याखालून एक मुलगा आणि एक मुलगी बाहेर काढतो. दोघे कृश, फाटके, रानटी नजरेचे. स्क्रूज दचकून मागे सरतो. ही मुले कोणाची, या प्रश्नाला आत्म्याचे उत्तर असे की ती माणसाची आहेत, म्हणजेच सगळ्यांची.

१४/
लीचने इथे एक भर घातली. मुलांच्या मागे त्याने कारखान्याची इमारत आणि धुराडी रेखाटली. कथेतील त्या प्रसंगात धुराडी नाहीत. ती आली चित्रकाराच्या हातून. हा ठोकळा कोरला विल्यम जेम्स लिंटनने. तो कामगारांना मताधिकार मिळावा म्हणून लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा कट्टर पाठीराखा होता. या चित्रात मुलांना बाप नाही, खांदा नाही, घर नाही. आहे ते केवळ शहर आणि त्याच्यापुढे उभा राहिलेला एक पैसेवाला माणूस. पाहणाऱ्याला मायेने जवळ घेता येईल असे त्यात काहीच नाही. उलट त्यालाच जाब विचारला जातो.

१५/
मग बॉब क्रॅचिट कुठे आहे? तो आहे शेवटच्या चित्रात. शेकोटीपाशी स्क्रूज त्याला गरम पेयाचे पात्र पुढे करतो आहे. म्हणजे पहिल्या आवृत्तीत बॉब दिसतो तो नोकर म्हणून, आपल्या मालकासमोर. कथेचा शेवटही याच नात्यावर होतो: स्क्रूज त्याचा पगार वाढवतो. १८४३ च्या वाचकाने चित्रांत पाहिले ते मालक आणि कारकून, शहर आणि त्याची बेवारस मुले. बापलेकांची माया त्याला शब्दांतूनच कळली.

१६/
ते शब्द मात्र बारकाव्यांनी भरलेले होते. ४ खोल्यांचे घर. घरात भट्टी नाही, म्हणून नाताळचे हंस भाजायला बेकरीत नेलेले. लंडनच्या गरिबांचा हा नेहमीचा रिवाज होता. रविवारी आणि सणाला बेकरीवाले पैसे घेऊन भट्टी वापरू देत. हंस लहान, म्हणून कांदा-सेजचे सारण आणि बटाट्याचा भरडा यांवर भर. पिण्यासाठी सगळ्या घरात मिळून २ पेले आणि मोडक्या कानाची एक वाटी. थोरली मुलगी टोप्या शिवणाऱ्या दुकानात राबते. मुलाला आठवड्याला साडेपाच शिलिंगांची नोकरी लागण्याची आशा आहे.

१७/
आजच्या वाचकाला हे गोड वाटते. १८४३ च्या वाचकाला त्यातली धास्तीही जाणवत होती. १५ शिलिंगांवर ८ माणसांचे पोट. बॉबची नोकरी गेली, तो आजारी पडला, तर पुढचा दरवाजा वर्कहाऊसचाच. आणि तिथे हे सगळे एका मेजाभोवती बसू शकणार नाहीत. क्रॅचिटांचे एकत्र जेवणे हे म्हणूनच त्या कायद्याला दिलेले उत्तर होते. गरिबाचे घर मोडून त्याला सुधारू पाहणाऱ्यांना डिकन्स दाखवून देत होता की मोडले जाते ते नेमके काय.

१८/
टिमला देह मिळाला तो आधी रंगमंचावर. १८४४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या नाट्यगृहांत ‘कॅरल’ची रूपांतरे झळकू लागली होती. १८५३ पासून डिकन्स स्वतः या कथेचे जाहीर वाचन करू लागला आणि क्रॅचिटांच्या जेवणाचा प्रसंग श्रोत्यांच्या खास आवडीचा ठरला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या आवृत्त्यांसाठी अमेरिकी चित्रकार सॉल आयटिंज याने बॉब आणि टिम यांना चित्रात आणले. लीच तोवर, १८६४ साली, निवर्तला होता.

१९/
९ जून १८७० रोजी डिकन्सही गेला. पुढच्याच वर्षी चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांनी त्याच्या साहित्याची ‘हाऊसहोल्ड’ आवृत्ती काढायला सुरुवात केली. मोठा आकार, पानावर दोन स्तंभ, नवी चित्रे आणि आठवड्याला एक पेनीचा अंक. जे पुस्तक एकेकाळी ५ शिलिंगांना मिळे, त्याच्या लेखकाचे साहित्य आता पेनी-पेनीने कामगाराच्या घरात येऊ लागले. १८७० च्या शिक्षण कायद्याने जागोजागी शाळा उभ्या राहू लागल्या होत्या आणि वाचकवर्गही वाढत होता.

२०/
या मालेतील ‘ख्रिसमस बुक्स’चा खंड १८७८ साली आला. चित्रकार फ्रेड बर्नार्ड, वय ३२. चित्रे सगळी लाकडावर कोरलेली, मजकुराच्या बरोबरीने छापलेली. त्यातच ते चित्र आले: चर्चमधून घरी निघालेला बॉब आणि त्याच्या खांद्यावर टिम. बर्नार्डची रेघ लीचसारखी व्यंगाकडे झुकणारी नव्हती. त्याची माणसे रस्त्यात भेटणाऱ्या माणसांसारखी वाटत. म्हणूनच ते दोघे वाचकाच्या ओळखीचे झाले, आणि पुढच्या पिढ्यांनी टिमला याच रूपात पाहिले.

२१/
दरम्यान आणखी एक गोष्ट घडली होती. जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या डिकन्सच्या चरित्रातून त्याच्या बालपणीचा कारखाना आणि वडिलांचा तुरुंग जगापुढे आला. डिकन्सने हयातभर ते लपवले होते. त्या चरित्राच्या सचित्र आवृत्तीत बर्नार्डनेच कारखान्यातला तो एकाकी पोर रेखाटला. १८७८ च्या आसपासच्या वाचकाला आता ठाऊक होते की बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाची कथा लिहिणाऱ्याला लहानपणी तो खांदा दूर तुरुंगात जाऊन शोधावा लागला होता. चित्रातली माया त्यामुळे आणखीच गहिरी झाली.

२२/
पण चौकटीत काय उरले आणि काय गळले, हेही पाहायला हवे. लीचच्या चित्रांत मालक आणि नोकर होते, धुराडी होती, बेवारस मुले होती. बर्नार्डच्या चित्रात बाप आणि मूल आहेत. १५ शिलिंगांचा प्रश्न चौकटीबाहेर गेला. पाहणाऱ्याला आता दचकून मागे सरावे लागत नाही. त्याचे डोळे पाणावतात, गरीब असूनही किती सुखी आहेत असे मनात येते, आणि तेवढ्यावर तो समाधानाने पान उलटू शकतो.

२३/
याचा दोष एकट्या बर्नार्डवर टाकता येणार नाही. जाब विचारणारे चित्र त्या काळात नाहीसे झाले होते असेही नाही. ४ डिसेंबर १८६९ रोजी ‘द ग्राफिक’ या नव्या साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात ल्यूक फिल्ड्सचे एक लाकडी चित्र छापून आले: रात्रीच्या आसऱ्याचा परवाना मिळावा म्हणून हिवाळ्यात भिंतीशी रांग लावून उभी असलेली बेघर माणसे. त्यांत लहान मुलांना घेतलेली कुटुंबेही आहेत. तीही एकमेकांना घट्ट बिलगून आहेत, पण त्यांच्यामागे घराचे दार नाही. हे चित्र पाहून चित्रकार मिले याने फिल्ड्सची शिफारस डिकन्सकडे केली आणि डिकन्सच्या अखेरच्या, अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीची चित्रे त्याच्याकडे आली.

२४/
१८७४ साली फिल्ड्सने याच दृश्याचे मोठे तैलचित्र रॉयल अकॅडमीत मांडले. ते पाहायला इतकी झुंबड उडाली की गर्दी आवरण्यासाठी कठडा लावावा लागला. म्हणजे अस्वस्थ करणारे चित्र लोकांना नको होते, असे म्हणता येत नाही. मात्र प्रदर्शनातले चित्र माणूस एकदा पाहून येतो. घराघरांत जाऊन बसते ते पुस्तकातले, आणि दर नाताळला पुन्हा उघडले जाते ते मायेचे. भुकेल्या पोरांचे पान उघडून कोणी सणाचे जेवण सुरू करत नाही.

२५/
बर्नार्डचे चित्र खोटे नाही. गरिबांच्या घरात माया होती. ती १८३४ च्या कायद्याला दिसत नव्हती आणि डिकन्सने ती दाखवली. त्या मायेची खरी किंमत मात्र लीचची दोन मुले शेजारी उभी केल्यावरच कळते. टिमला खांदा आहे, त्यांना नाही. आणि बॉबचा पगार बंद पडला, तर टिम आणि ती दोन मुले यांच्यात उरते ते वर्कहाऊसच्या दारापर्यंतचे अंतर. कथेत डिकन्सने दोन्ही जोड्या स्क्रूजला एकाच आत्म्याच्या सोबतीने, एकाच रात्री दाखवल्या होत्या. पुढच्या काळाने त्यांतली एक भिंतीवर लावली आणि दुसरी पुस्तकात मिटून ठेवली.